सौ. वेणूताई चव्हाण आणि तिळाची नानकटाई

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्या वार्षिकांकात दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असते आणि शेवटच्या पानांवर एखादी पाककृती असते. चरित्र बहुधा इतिहासाचा विद्यार्थी लिहितो आणि पाककृती एखादी विद्यार्थिनी लिहिते. यंदा या दोन्ही गोष्टी मी एकाच लेखात आणल्या आहेत. तसे का केले, हे लेख पूर्ण वाचल्यावर वाचकांच्या ध्यानात येईल, अशी आशा आहे.

इतिहासाच्या तासाला आधुनिक महाराष्ट्र शिकताना आमच्या सरांनी एक स्वाध्याय दिला होता. ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे पण ज्यांच्याविषयी चार वाक्येही सांगता येत नाहीत, अशा एका व्यक्तीची माहिती जमवावयाची होती. मी सौ. वेणूताई चव्हाण यांचे नाव निवडले. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या त्या पत्नी, एवढे एकच वाक्य मला येत होते. दुसरे वाक्य शोधण्यासाठी मला ग्रंथालयात बरेच दिवस बसावे लागले.

‘प्रथम महिला’ म्हणजे कोण?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला ‘फर्स्ट लेडी’ म्हणतात. आपल्याकडे वर्तमानपत्रे त्याचे भाषांतर ‘प्रथम महिला’ असे करतात. हे पद निवडणुकीने मिळत नाही, त्याला पगार नाही आणि त्याचा राजीनामाही देता येत नाही. पती निवडून आला की ते आपोआप अंगावर येते.

या पदाकडे लोक कोणत्या दृष्टीने पाहतात, हे सांगणारी एक गोष्ट १९९२ साली तेथे घडली. बिल क्लिंटन त्या वर्षी निवडणुकीला उभे होते. त्यांच्या पत्नी हिलरी क्लिंटन या व्यवसायाने वकील. त्यांच्या वकिलीवर टीका झाली, तेव्हा आपणही घरी राहून बिस्किटे भाजीत बसू शकलो असतो, पण आपण आपला व्यवसाय करावयाचे ठरविले, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्यावर मोठे वादळ उठले. घर सांभाळणाऱ्या स्त्रियांना तो आपला अपमान वाटला. मग ‘फॅमिली सर्कल’ नावाच्या मासिकाने हिलरी क्लिंटन आणि तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बार्बरा बुश या दोघींच्या बिस्किटांच्या कृती छापल्या आणि वाचकांना कौल द्यावयास सांगितले. क्लिंटनबाईंची ओट घातलेली चॉकलेटची बिस्किटे जिंकली. पुढे २०१६ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत ही स्पर्धा होत राहिली. २०१६ साली हिलरी क्लिंटन स्वतःच उमेदवार होत्या, तेव्हा मेलानिया ट्रम्प यांच्यासमोर स्पर्धेत बिल क्लिंटन यांचे नाव आले.

हे वाचून मला प्रथम हसू आले. नंतर वाटले की यात दोन्हीकडून अन्याय आहे. वकिली करणाऱ्या स्त्रीला बिस्किटाची कृती देऊन आपले बाईपण सिद्ध करावे लागते, आणि जी खरोखरच जन्मभर घर चालविते तिच्या कामाची किंमत एका बिस्किटाएवढीच धरली जाते. मग आपल्याकडील अशा स्त्रियांविषयी आपल्याला काय माहीत असते? वेणूताईंच्या बाबतीत तर बिस्किटाची कृतीसुद्धा आपल्यापाशी नाही.

सदुसष्ट दिवस आणि पहिली संक्रांत

वेणूताई मूळच्या फलटणच्या, मोरे कुटुंबातील. २ जून १९४२ रोजी कराड येथे त्यांचा विवाह यशवंतरावांशी झाला. यशवंतराव तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते. देवराष्ट्रे येथे १२ मार्च १९१३ रोजी जन्मलेला, वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेला, विठाबाईंसारख्या कष्टाळू आईने वाढविलेला हा तरुण वकिलीची परीक्षा नुकताच उत्तीर्ण झाला होता. घराला आता स्थैर्य येईल, असे दोन्हीकडच्या माणसांना वाटले असल्यास नवल नाही.

परंतु ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. लग्नाच्या दिवसापासून मोजले तर हा सदुसष्टावा दिवस. यशवंतराव भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात मोर्चे निघाले, तारा तुटल्या, आणि पोलीस त्यांचा माग काढू लागले. ते सापडेनात, तेव्हा पोलिसांचा रोख घरच्या माणसांकडे वळला. बंधू गणपतराव यांना अटक झाली. याच काळात थोरले बंधू ज्ञानोबा यांचा मृत्यू झाला. घरात वृद्ध आई, शोकात बुडालेली माणसे, आणि नवी सून.

१९४३ ची संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली संक्रांत म्हणजे काय, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवितात, हलव्याचे दागिने घालतात, सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलावितात आणि तिळगूळ वाटतात. वर्षभर हिवाळ्यात अंगावर न घेतलेला काळा रंग त्या एका दिवशी शुभ असतो. त्याच संक्रांतीच्या दिवशी पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. त्यांनी कोणतेही भाषण केले नव्हते. यशवंतरावांची पत्नी असणे एवढाच त्यांचा अपराध. काही आठवडे त्यांना तुरुंगात काढावे लागले.

सुटून आल्यावर त्यांची प्रकृती ढासळली आणि त्या फलटणला माहेरी होत्या. त्या आजारी आहेत असे कळल्यावर यशवंतरावांना राहवले नाही. मे १९४३ मध्ये ते त्यांना भेटावयास फलटणला गेले आणि तेथेच पकडले गेले. नऊ महिने ज्याला पोलीस शोधू शकले नाहीत, तो माणूस पत्नीच्या आजारपणापायी त्यांच्या हाती लागला.

हा सर्व मजकूर यशवंतरावांनी ‘कृष्णाकाठ’ या आपल्या आत्मचरित्राच्या पहिल्या खंडात सांगितला आहे. राजकारणाच्या पुस्तकात पत्नीच्या पहिल्या संक्रांतीची आठवण येते, यावरून ती सल त्यांच्या मनात किती काळ राहिली असेल याची कल्पना करता येते. ‘कृष्णाकाठ’ १९८४ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही ती आठवण गेली नव्हती.

‘सह्याद्री’ ते दिल्ली

पुढचा इतिहास पाठ्यपुस्तकात आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच दिवशी आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी आपल्या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९९४ च्या संक्रांतीला, १४ जानेवारी रोजी, त्याचा नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. आर्थिकदृष्ट्या मागास असलेल्या घरांतील मुलांना फीमाफी देण्याचे धोरण यशवंतरावांच्याच कारकिर्दीतले. आज गारखेड्यासारख्या भागातून जी मुले घरातली पहिली म्हणून महाविद्यालयात जातात, त्यांच्या वाटेचा आरंभ कोठेतरी तेथे आहे.

नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. पुढे गृह, अर्थ, परराष्ट्र अशी खाती त्यांनी सांभाळली आणि १९७९ साली काही काळ ते उपपंतप्रधान होते.

या सर्व काळात वेणूताई कोठे होत्या? त्या घरी होत्या. मुंबईच्या ‘सह्याद्री’ बंगल्यात होत्या, मग दिल्लीच्या १, रेसकोर्स रोडवर होत्या. त्यांनी निवडणूक लढविली नाही, कोणते पद घेतले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते. प्रकृती नाजूक असल्याने परदेशच्या दौऱ्यांवर त्या फारशा जात नसत. यशवंतराव मात्र जेथे जात तेथून त्यांना पत्रे लिहीत. ही पत्रे पुढे राम प्रधान यांच्या संपादनाखाली ‘विदेश-दर्शन’ या नावाने ग्रंथरूपाने आली. देशाचा मंत्री परदेशात काय पाहतो, कोणाशी बोलतो, हे सर्व तो रात्री बसून घरी कळवितो. असे पत्र ज्या व्यक्तीला लिहावेसे वाटते ती व्यक्ती केवळ चहा-फराळाची व्यवस्था पाहणारी नसणार, हे उघड आहे.

१ जून १९८३ रोजी वेणूताईंचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लग्नाला एकेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती. त्यानंतर अठरा महिनेही झाले नाहीत तोच, २५ नोव्हेंबर १९८४ रोजी यशवंतरावही गेले. कराडला आज वेणूताईंच्या नावाचे स्मारक आहे आणि यशवंतरावांचा ग्रंथसंग्रह तेथे जपून ठेवला आहे. त्यांच्या नावाचे महाविद्यालयही कराडला आहे.

जिने लिहिले नाही तिचा अभ्यास कसा करावा?

आता अभ्यासाच्या दृष्टीने मुख्य अडचण सांगते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. त्यामुळे त्या घरांत पडद्याआड काय चालले होते हे आपल्याला त्या स्त्रियांच्याच तोंडून कळते. वेणूताईंनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्याविषयी जे कळते ते यशवंतरावांच्या लेखणीतून कळते. पत्रे आहेत तीही त्यांना आलेली.

अशा वेळी काय करावे? मला सुचलेले दोन उपाय सांगते. चुकले असल्यास जाणकारांनी सुधारावे.

पहिला उपाय, तारखा शेजारी शेजारी मांडणे. वहीचे पान मधोमध दुमडले, एका बाजूला यशवंतरावांच्या तारखा लिहिल्या आणि दुसऱ्या बाजूला त्या दिवशी घरात काय असेल ते लिहिले. ऑगस्ट १९४२ या तारखेसमोर पाठ्यपुस्तकात ‘भूमिगत झाले’ असे दोनच शब्द आहेत. घराच्या बाजूला मात्र रोज रात्री दारावर थाप पडेल ही भीती, पोलिसांचे प्रश्न, आणि चूल पेटती ठेवण्याची काळजी एवढे सगळे येते. एक माणूस भूमिगत होऊ शकतो, कारण दुसरे कोणीतरी घरात उघड्यावर थांबलेले असते.

दुसरा उपाय, त्या काळात त्या घरात जी कामे होत असणार ती समजून घेणे. संक्रांतीचे तीळ कसे निवडतात, भाजताना कधी करपतात, किती घरी वाटतात, हे ज्याला माहीत नाही त्याला १४ जानेवारीच्या अटकेचा अर्थ अर्धाच कळेल. या दृष्टीने पाककृतीची पुस्तकेही इतिहासाची साधने ठरतात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ आणि कमलाबाई ओगले यांची १९७० सालची ‘रुचिरा’ ही पुस्तके इतिहासाच्या कपाटात ठेवली, तर वावगे ठरणार नाही.

हा दुसरा उपाय मला पुस्तकातून सुचला नाही. तो घरातून सुचला, म्हणून आता कृतीकडे वळते.

तिळाची नानकटाई

ही कृती वेणूताईंची नव्हे. त्यांनी ती कधी केली असा माझा मुळीच दावा नाही. ती माझ्या आईची आहे. संक्रांतीला तिळगुळाच्या बरोबरीने ती ही नानकटाई करते. नानकटाईचा उगम सुरतेचा सांगतात. तेथे डच लोकांच्या भट्ट्या होत्या आणि त्यांच्या पश्चात पारशी मंडळींनी त्या चालविल्या, अशी कथा आहे. आपल्याकडे दिवाळीत मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जावयाचे आणि पत्र्यांवर भाजून आणावयाची, ही पद्धत अनेक घरांत होती व काही ठिकाणी अजूनही आहे.

साहित्य : मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, थिजलेले तूप १५० ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, चाळलेली गुळाची पूड ५० ग्रॅम, पांढरे तीळ ४० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, पाच-सहा वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मीठ. एवढ्यात सुमारे २८ नानकटाया होतात.

कृती : प्रथम तीळ मंद आचेवर भाजावेत. ते तडतडू लागले आणि बोटांत चुरडल्यावर खमंग वास आला की लगेच ताटात ओतावेत. कढईतच ठेवले तर कढईच्या उष्णतेने करपतात आणि कडू होतात. निम्मे तीळ जाडसर कुटावेत, निम्मे अख्खे ठेवावेत.

परातीत तूप, पिठीसाखर व गुळाची पूड घेऊन तळहाताने एकाच दिशेने फेसावे. दहा-बारा मिनिटांनी मिश्रण हलके होते व रंग फिकट पडतो. फेसणे हे या कृतीतील खरे काम आहे. तूप पातळ झालेले असले तर ते फेसले जात नाही आणि नानकटाई पत्र्यावर पसरते. मैदा, बेसन, सोडा व मीठ दोनदा चाळून घ्यावे आणि वेलदोड्यांची पूड व कुटलेल्या तिळांसह तुपात मिसळावे. पीठ फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये, नाहीतर नानकटाई खुसखुशीत न होता कडक होते. पाणी किंवा दूध घालू नये. गोळा वीस मिनिटे झाकून ठेवावा.

नंतर लिंबापेक्षा थोडे लहान गोळे करून किंचित चपटे करावेत, वरची बाजू अख्ख्या तिळांत दाबावी आणि एकमेकींत दोन बोटांचे अंतर ठेवून पत्र्यावर मांडावे. ओव्हन असल्यास १७० अंश सेल्सिअसला पंधरा ते अठरा मिनिटे लागतात. नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर देऊन त्यावर लहान स्टँड ठेवावा, झाकण घालून दहा मिनिटे तापवावे आणि मग ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. गुळामुळे रंग लवकर चढतो, म्हणून शेवटची पाच मिनिटे तेथून हलू नये.

बाहेर काढल्यावर नानकटाई मऊच लागते. ती कच्ची राहिली असे समजून पुन्हा भाजू नये. लहानपणी मी आईबरोबर बेकरीत जाई तेव्हा गरम पत्र्यावरून नानकटाई उचलू पाही, आणि ती हातात मोडे. बेकरीवाले चाचा म्हणत, “बेटा, हात लावू नकोस. थंड झाली की आपोआप सुटते.”

अर्जातील एक रकाना

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो.

पहिल्या वर्षी फीच्या सवलतीचा अर्ज भरताना त्यात ‘आईचा व्यवसाय’ असा रकाना होता. मी त्यात ‘काही नाही’ असे लिहिले. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिने अर्ज वाचला आणि म्हणाली, “बरोबरच आहे की. मला कुठं पगार आहे?” मीही पुढे विचार केला नाही.

वेणूताईंसाठी वहीचे पान मधोमध दुमडले त्याच आठवड्यात घरी संक्रांतीच्या ऑर्डरी चालू होत्या. आई पहाटे चारला उठून तूप फेसत होती. बाबा कामावर जाण्याआधी डबे पोचवून येत होते. मी तारखा लिहीत बसले होते. त्या संक्रांतीला आईने बावीस किलो नानकटाई केली. दिवाळीत याहून जास्त होते. सवलत मिळाल्यावर उरलेली फी, बसचा पास आणि ज्या वहीत मी वेणूताईंचा अभ्यास करीत होते ती वही, हे सर्व त्या पत्र्यांवरून आलेले आहे. ज्या स्त्रीविषयी इतिहासात दोन ओळी नाहीत म्हणून मी हळहळत होते, तशाच स्त्रीच्या रकान्यात मी माझ्या हाताने ‘काही नाही’ असे लिहिले होते.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये एक निर्णय घेतला. त्यानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे प्रथम आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम असतो. हे चांगलेच झाले. पण नावापुढचा रकाना कामाचा असतो आणि तो आपणच भरावयाचा असतो.

यंदाच्या अर्जात मी त्या रकान्यात ‘नानकटाई व फराळ तयार करून विकणे’ असे लिहिले. आईने ते पाहिले. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आतून विचारले, “फराळ कशाला लिहिलंस? फराळ फक्त दिवाळीतच असतो ना.” मी म्हटले, “राहू दे आई, खरंच आहे ते.”

वाचक मित्रमैत्रिणींना एक विनंती करून लेख संपविते. वेणूताईंविषयी जे लिहावयाचे राहून गेले ते आता कोणी त्यांना विचारून लिहू शकत नाही. आपल्या घरातल्या मंडळींना आपण अजून विचारू शकतो. येत्या सुटीत आई, आजी, मावशी यांच्यापाशी एक वही घेऊन बसावे. त्यांच्या एका कृतीचे माप लिहून घ्यावे, आणि ती कृती कोणत्या वर्षी, कोणासाठी, कोणत्या अडचणीत केली होती, तेही तारखेसह त्याच पानावर लिहावे.